किती सर्व्हर लागतील हो?

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला २००७ च्या मे महिन्यात. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आमचं ऑफिस होतं, दुपारचे तीन वाजले होते, एसी नेहमीप्रमाणे दमला होता आणि समोर बसलेले क्लायंटचे साहेब रुमालाने मान पुसत होते. क्लायंटकडे ५०० सर्व्हर होते. त्या सगळ्यांवर लक्ष ठेवणारी मॉनिटरिंग सिस्टिम आम्ही बसवणार होतो. साहेबांना बाकी कशात रस नव्हता. त्यांना परचेसकडे फाईल पाठवायची होती, त्यात एक आकडा हवा होता.

"दोन," मी म्हणालो. "एक मेन आणि एक बॅकअप."

मी हे हवेत सोडलेलं नव्हतं बरं का. माझ्याकडे एक्सेल शीट होती, तीन रंगांची. ५०० सर्व्हर, प्रत्येकावर १२ तपासण्या (डिस्क भरली का, मेमरी किती, अमुक प्रोसेस जिवंत आहे का वगैरे), म्हणजे ६००० तपासण्या. प्रत्येक तपासणी दर ५ मिनिटांनी. ३०० सेकंदांत ६०००, म्हणजे सेकंदाला २०. एका तपासणीला अर्धा सेकंद लागतो. म्हणजे कुठल्याही क्षणी सरासरी १० तपासण्या चालू असणार. आम्ही ५० ची सोय ठेवली होती. पाचपट! साहेब खूष, मी खूष, हार्डवेअर विकणारा थोडासा नाराज.

हिशेबात एकही चूक नव्हती. तरीही तो साफ चुकला. का चुकला ते सांगण्यासाठीच हा लेख. पण त्याआधी थोडं मागे जाऊया, कारण "किती लागतील?" हा प्रश्न आपल्या धंद्याच्याही आधीचा आहे.

हा प्रश्न नीट गणितात मांडला तो कोपनहेगनच्या एका माणसाने. ॲग्नर क्रारुप एरलांग त्याचं नाव. १९०८ साली तो कोपनहेगन टेलिफोन कंपनीत लागला. कंपनीची अडचण साधी होती. एका गावात शंभर लोकांकडे फोन आहेत, तर त्या गावाहून बाहेर जाणाऱ्या तारा किती टाकायच्या? शंभर टाकल्या तर दिवाळं निघेल. दहा टाकल्या तर लोक रिसीव्हर धरून शिव्या देत बसतील. एरलांगने १९०९ मध्ये दाखवलं की फोन कधी येतील हे एकेका माणसापुरतं सांगता येत नाही, पण सगळ्यांचं मिळून जे होतं त्याला नियम आहे. १९१७ मध्ये त्याने सूत्रच दिलं: इतका ट्रॅफिक, इतक्या तारा, तर शंभरातल्या किती जणांना "सगळ्या लाईन्स व्यस्त आहेत" ऐकावं लागेल.

या सूत्रातली एक गोष्ट मला फार आवडते. सरासरी १० कॉल एका वेळी चालू असतील, आणि शंभरातला एकच कॉल अडला तरच चालेल असं ठरवलं, तर १८ तारा लागतात. जवळजवळ दुप्पट. पण सरासरी १०० कॉल असतील तर २०० नाही लागत, सुमारे ११७ मध्ये भागतं. मोठ्या गर्दीत चढ-उतार एकमेकांना सांभाळून घेतात. मोठ्या कुटुंबात दोन पाहुणे जास्त आले तर कळतही नाही, आणि दोघांच्या संसारात दोन पाहुणे आले की पुन्हा कुकर लावावा लागतो, तसंच हे. पुढे १९४६ मध्ये टेलिफोनच्या ट्रॅफिकच्या एककालाच 'एरलांग' नाव देण्यात आलं.

याच घराण्यातला दुसरा नियम म्हणजे रांगेचा. एकच खिडकी असेल आणि ती ५० टक्के वेळ कामात असेल, तर तुमचं काम व्हायला मूळ वेळेच्या दुप्पट वेळ लागतो. ८० टक्के कामात असेल तर पाचपट. ९० टक्क्यांना दहापट, ९५ टक्क्यांना वीसपट. म्हणजे ९० वरून ९५ वर जाताना खिडकीवरच्या माणसाला फारसा फरक जाणवत नाही, पण रांगेतल्या माणसाचा वेळ दुप्पट होतो. डोंबिवली स्टेशनवर सकाळी ८ ला उभं राहिलेल्या कुणालाही हे गणित शिकवायची गरज नाही. एक लोकल रद्द झाली तर पुढच्या पाच लोकलमध्ये दरवाजाशी काय होतं ते आपण अंगाने शिकलोय. सर्व्हर ९० टक्क्यांवर चालवून "अजून १० टक्के शिल्लक आहेत की" म्हणणाऱ्याला मी एकदा तरी ८:२० ला फलाटावर न्यावं असं माझ्या मनात नेहमी येतं.

आता मॉनिटरिंगकडे. मशीन जिवंत आहे का हे दुरून विचारायचं सगळ्यात साधं हत्यार म्हणजे 'पिंग', ते माइक मूस या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९८३ मध्ये लिहिलं. नेटवर्कवरच्या यंत्रांना "तुझं कसं चाललंय?" असं ठराविक भाषेत विचारायची पद्धत, म्हणजे एसएनएमपी, १९८८ मध्ये आली. मग १९९० च्या दशकाच्या मध्यावर इंग्लंडातल्या लेस्टर शहरात डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात टोबी ओटिकर नावाचा स्विस मुलगा काम करत होता. तिथे इंटरनेटची लाईन होती अवघी ६४ केबीपीएसची, आणि ती किती भरलीय हे सगळ्यांना बघायचं होतं. त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, जो दर ५ मिनिटांनी राउटरला आकडा विचारायचा आणि त्याचा आलेख काढायचा. त्याचं नाव एमआरटीजी. आपण सगळे ज्या "दर ५ मिनिटांनी" ची सवय लावून बसलो होतो, ती रूढ करण्यात या प्रोग्रॅमचा वाटा मोठा. ५ मिनिटं ही काही देवाने दिलेली संख्या नाही!

१९९९ मध्ये त्याच ओटिकरने आरआरडीटूल काढलं. त्यात युक्ती अशी की फाईलचा आकार पहिल्याच दिवशी ठरलेला. नवा आकडा आला की सर्वात जुना जातो, आणि जुने आकडे सरासरी करून आटवून ठेवले जातात. डिस्क कधीच भरत नाही. प्लॅनिंग करणाऱ्याला याहून मोठं सुख नाही. त्याच वर्षी ईथन गॅलस्टॅडने नेटसेंट काढलं, २००२ मध्ये त्याचं नाव झालं नॅगिऑस. मोठ्या कंपन्यांकडे ओपनव्ह्यू, टिवोली असली भारी प्रकरणं असायची, पण आमच्यासारख्या ठाण्याच्या छोट्या दुकानांचं पोट या फुकटच्या हत्यारांवर भरत होतं.

पण आरआरडीची एक गोम होती. डिस्क भरायची नाही, डिस्क दमायची. प्रत्येक आकड्याची वेगळी फाईल, म्हणजे प्रत्येक आकडा लिहायला डिस्कच्या डोक्याला वेगळ्या जागी पळावं लागतं. मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणारी साधी डिस्क सेकंदाला जेमतेम ७५-८० असे हेलपाटे घालू शकते. समजा तुमच्याकडे २०,००० आकडे आहेत. दर ५ मिनिटांनी म्हणजे सेकंदाला ६७ फाईली. एक वाचन आणि एक लेखन धरलं तर १३४ हेलपाटे. म्हणजे दोन डिस्क. कुणीतरी मीटिंगमध्ये सहज म्हणालं, "५ मिनिटं जरा जास्त वाटतात, दर मिनिटाला करू", की ते होतात ६७०. नऊ डिस्क. एका वाक्यात! सीपीयू बसलेला रिकामा, मेमरी रिकामी, आणि डिस्कचा दिवा लाल होऊन अखंड पेटलेला. त्या काळात हे दृश्य ज्याने पाहिलं नाही त्याने मॉनिटरिंग केलंच नाही म्हणायचं.

हे सगळं मला २००७ मध्ये माहीत होतं. डिस्क मी मोजून घेतल्या होत्या. मग चुकलं कुठे?

जुलैतला एक गुरुवार होता. संध्याकाळी सहाच्या सुमारास क्लायंटच्या डेटा सेंटरमधला एक मोठा स्विच गेला. त्याच्या मागे ५०० पैकी २०० सर्व्हर होते. पडद्यावर लाल दिवे लागायला लागले. बरोबर आहे, त्यासाठीच तर सिस्टिम होती. सगळे स्विचच्या मागे धावले. आमच्याकडचा एक मुलगा शिफ्टवर होता, कल्याणहून यायचा, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. त्याला दर दहा मिनिटांनी फोन येत होते, "बाकी सगळं ठीक आहे ना?" तो पडद्याकडे बघून सांगत होता, "हो सर, बाकी सगळं हिरवं आहे."

बाकी सगळं हिरवं नव्हतं. दुसऱ्याच एका डेटाबेस सर्व्हरची डिस्क त्याच वेळात भरत आली होती आणि शेवटी भरली. त्याचा दिवा ४० मिनिटं हिरवा राहिला, कारण त्याची तपासणी झालीच नव्हती. पडद्यावर दिसत होती ती शेवटची माहिती असलेली स्थिती, आताची नव्हे. त्या रात्री क्लायंटच्या माणसांनी दिवसभराचे व्यवहार हाताने जुळवले. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये प्रश्न आला, "'हिरवं आहे' असं कोण म्हणालं?"

त्या मीटिंगमध्ये मी होतो. मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही कळलं नव्हतं की काय झालं, मला वाटत होतं खरोखरच त्याचं लक्ष नव्हतं.

त्या रविवारी मी ठाकुर्लीला काकांकडे गेलो होतो. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी चोळ्याच्या पॉवर हाऊसमध्ये काढली होती. डोंबिवली-कल्याणच्या नव्या लोकांना हे नाव फारसं ठाऊक नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. जीआयपी रेल्वेने १९२५ मध्ये मुंबईत विजेवरची पहिली लोकल सुरू केली, १५०० व्होल्ट डीसीवर. मग १९२९-३० मध्ये कल्याणच्या पुढे दोन्ही घाटांतून, पुण्याकडे आणि इगतपुरीकडे, विजेची इंजिनं धावू लागली. त्या गाड्यांसाठी रेल्वेने स्वतःचं, कोळशावर चालणारं वीजघर ठाकुर्लीजवळ चोळ्याला उभारलं. १९८० च्या दशकात ते बंद पडलं. पुढे रेल्वेने डीसीच सोडलं, मुंबईच्या लोकलही टप्प्याटप्प्याने २५ हजार व्होल्ट एसीवर आल्या.

काकांना मी माझं रडगाणं ऐकवलं. सेकंदाला २० तपासण्या, ५० ची सोय, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"अरे, बिघाड झाला की तुझं यंत्र कमी काम करतं की जास्त?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे आमचं कसं असायचं, गाड्या बंद पडल्या की लोड पडायचा. आणि सगळ्या गाड्या एकदम सुटल्या की लोड उसळायचा. पॉवर हाऊस दुपारच्या रिकाम्या गाड्यांवर बांधत नाहीत. तू तुझं दुपारच्या गाडीवर बांधलंयस का ते बघ."

घरी येताना डोक्यात तोच किडा. रात्री वही घेतली. आणि दहा मिनिटांत उत्तर समोर.

धडधाकट सर्व्हर अर्ध्या सेकंदात उत्तर देतो. मेलेला सर्व्हर उत्तरच देत नाही, त्यामुळे आपण वाट बघतो. आमची वाट बघायची मर्यादा होती १० सेकंद. म्हणजे मेलेला सर्व्हर जिवंत सर्व्हरपेक्षा वीसपट काम लावतो! जॉन लिटल या गणितज्ञाने १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: दर सेकंदाला येणारी कामं गुणिले प्रत्येक कामाला लागणारा वेळ, म्हणजे एका वेळी आत अडकलेली कामं. आता लावा. सेकंदाला २० पैकी ८ तपासण्या मेलेल्यांच्या, प्रत्येकी १० सेकंद, म्हणजे ८० अडकलेल्या. १२ जिवंतांच्या, प्रत्येकी अर्धा सेकंद, म्हणजे ६. एकूण ८६. माझी सोय ५० ची. ५० जागांमध्ये सेकंदाला जेमतेम ११-१२ तपासण्या उरकत होत्या आणि २० येत होत्या. दर मिनिटाला सुमारे ५०० तपासण्या मागे पडत होत्या, आणि त्या मागे पडलेल्यांत तो बिचारा डेटाबेस सर्व्हरही होता.

येणाऱ्या कामांची संख्या एकानेही वाढली नव्हती. सर्व्हर वाढले नव्हते, तपासण्या वाढल्या नव्हत्या. तरीही लोड साडेआठपट. आणि नेमका त्या दिवशी, ज्या दिवसासाठी सिस्टिम विकत घेतली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

या अंधाराचं सगळ्यात मोठं उदाहरण मी नंतर वाचलं. १४ ऑगस्ट २००३, अमेरिकेतलं ओहायो राज्य. ॲक्रन शहरात फर्स्टएनर्जी या वीज कंपनीची कंट्रोल रूम होती. ग्रिडवर लक्ष ठेवायला जीईची एक्सए/२१ नावाची सिस्टिम. दुपारी २:१४ ला तिचा अलार्म देणारा भाग अडकला. दोन प्रोसेस एकाच माहितीवर एकदम लिहायला गेल्या आणि तो भाग एका चक्रात फसला. अलार्म वाजायचे थांबले, पण "अलार्म बंद पडलेत" असा अलार्म काही वाजला नाही! न हाताळलेल्या घटना साठत गेल्या आणि २:४१ ला मुख्य सर्व्हर झोपला. ठरल्याप्रमाणे बॅकअप सर्व्हरने काम हातात घेतलं, अगदी प्रामाणिकपणे, त्या साठलेल्या ढिगासकट. १३ मिनिटांनी तोही झोपला. ऑपरेटरच्या पडद्यावर एक चित्र बदलायला एरवी एक ते तीन सेकंद लागायचे, ते ५९ सेकंदांवर गेलं. तीननंतर हाय टेन्शनच्या तारा झाडांना टेकून एकेक करून पडत होत्या आणि ऑपरेटरना पडद्यावर सारं आलबेल दिसत होतं. शेजारच्या कंपनीतून फोन आले, त्यांवर त्यांचा विश्वास बसला नाही. पडद्यावर काही नाही ना! सव्वाचारपर्यंत अमेरिका आणि कॅनडातले मिळून सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले.

मूळ दोष प्रोग्रॅममधला होता, जास्त हार्डवेअर घेऊन तो टळला नसता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मला त्यात दोन गोष्टी दिसल्या. एक, बॅकअप सर्व्हर हा यंत्र मेल्यावर उपयोगाचा. काम तुंबल्यावर तो फक्त तुंबलेलं गटार वारशाने घेतो. माझ्या एक्सेलमधल्या "एक मेन, एक बॅकअप" मधला बॅकअप असाच होता. आणि दुसरी म्हणजे "हो सर, हिरवं आहे" म्हणणारा कल्याणचा आमचा मुलगा. ॲक्रनच्या ऑपरेटरांनी तेच तर केलं होतं. पडद्यावर विश्वास ठेवणं हीच त्यांची नोकरी होती.

आता म्हणाल, ओहायो राहिलं बाजूला, आपल्याकडचं सांग. आपल्याकडचं तर घराशेजारीच आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीकडे जाताना राज्याचं लोड डिस्पॅच सेंटर लागतं. पत्ता ऐरोलीचा असला तरी त्याला ओळखतात कळव्याच्या नावाने. अख्ख्या महाराष्ट्रात कुठल्या केंद्रातून किती वीज येतेय, कुठली लाईन किती भरलीय हे तिथे बसून बघतात. तुमच्या-माझ्या डेटा सेंटरपेक्षा कितीतरी मोठी मॉनिटरिंग सिस्टिम, आणि तिथे चूक झाली तर ईमेल अडत नाही, लोकल अडते.

१२ ऑक्टोबर २०२० आठवतो? करोनाचे दिवस, सोमवार, सकाळी १० चा सुमार. मी डोंबिवलीत घरूनच मीटिंगमध्ये होतो आणि मुंबई-ठाण्यातल्या सहकाऱ्यांच्या खिडक्या एकेक करून काळ्या होत गेल्या. ४०० केव्हीची कळवा-पडघे ही दुहेरी लाईन. तिचं पहिलं सर्किट आधीच देखभालीसाठी बंद होतं आणि भार दुसऱ्यावर होता. ते दुसरंही गेलं. पुण्याकडून खारघरला येणाऱ्या लाईननेही साथ सोडली. अशा वेळी मुंबईने ग्रिडपासून सुटून स्वतःच्या वीजकेंद्रांवर तग धरायचा अशी 'आयलंडिंग'ची योजना वर्षानुवर्षं आहे. त्या दिवशी ती टिकली नाही. दोन हजार मेगावॉटहून जास्त भार गेला, अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी चालू असलेल्या लोकल रुळांवर उभ्या राहिल्या, हॉस्पिटलं जनरेटरवर गेली. पुढे यामागे सायबर हल्ला होता का यावरही राजकारण रंगलं. राज्याच्या गृहमंत्र्यांनी तसा संशय बोलून दाखवला, केंद्राच्या ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. त्यात मी पडत नाही.

मला त्यातलं कपॅसिटीचं सूत्र महत्त्वाचं वाटतं. वीजवाले त्याला 'एन वजा एक' म्हणतात. कुठलाही एक भाग गेला तरी उरलेल्यांनी भार उचलायला हवा. ऐकायला सोपं आहे. पण ज्या दिवशी तुम्ही एक सर्किट देखभालीला घेता, त्या दिवशी तुमचा 'वजा एक' खर्च होऊन गेलेला असतो. उरतो तो नुसता 'एन'. आमच्याकडे हेच रोज घडतं. दोन सर्व्हर, दोघेही ६० टक्क्यांवर. सगळे म्हणतात, बघा, कुठे ताण आहे का? अहो, एकाला पॅच मारायला खाली घेतला की दुसऱ्यावर १२० टक्के! म्हणजे दोन सर्व्हर असूनही पहिल्या दिवसापासून बॅकअप नव्हताच.

जाता जाता, वीजवाल्यांनी मोजण्याची बारीकीही कुठल्या कुठे नेली आहे. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १९८८ मध्ये फेझर मेजरमेंट युनिट, म्हणजे पीएमयू, तयार झालं, ते अरुण फडके आणि जेम्स थॉर्प यांच्या गटाने (हो, फडकेच! आयआयटी खरगपूरचे). दोघांना २००८ मध्ये त्यासाठी बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळालं. जीपीएसच्या घड्याळावर वेळ जुळवून ग्रिडच्या नाडीचे ठोके मोजणारं हे यंत्र. २००३ च्या अंधारानंतर त्याचं महत्त्व जगाला पटलं. भारतात बसवलेली पीएमयू सेकंदाला २५ वेळा आकडे पाठवतात. आमच्या ५ मिनिटांच्या हिशेबात ते ७५०० पट होतं! मीटिंगमध्ये "जरा बारीक मोजूया" म्हणणाऱ्याला मी हा आकडा सांगतो, मग थोडी शांतता पसरते.

साठवणुकीचा प्रश्न मात्र आता खरंच हलका झालाय. २०,००० आकडे दर मिनिटाला म्हणजे वर्षाला साधारण १०५१ कोटी नोंदी. वेळ आणि आकडा मिळून १६ बाइट धरले तर १६८ जीबी. फेसबुकच्या लोकांनी २०१५ मध्ये 'गोरिला' नावाच्या सिस्टिमवर निबंध लिहिला. शेजारच्या दोन नोंदींत फरक फार थोडा असतो, तर फरकच लिहा, ही त्यातली कल्पना. नोंद आली सरासरी १.३७ बाइटवर. म्हणजे तेच वर्ष साधारण साडेचौदा जीबीत! साउंडक्लाउडमध्ये २०१२ साली सुरू झालेल्या प्रोमिथियसनेही पुढे हीच वाट धरली. एसएसडी आल्या आणि हेलपाट्यांचं दुखणंही गेलं. क्लाऊडमध्ये तर म्हणे प्लॅनिंगच नको, लागेल तसा सर्व्हर वाढतो.

पण वाईट दिवस काही गेला नाही. ७ डिसेंबर २०२१ ला ॲमेझॉनचं आतलं नेटवर्क तुंबलं, तेव्हा त्यांच्याच माणसांना मॉनिटरिंगचे ताजे आकडे मिळेनात. कारण ते आकडे त्याच तुंबलेल्या नेटवर्कवरून येत होते. इतकी मोठी कंपनी, आणि गोम तीच.

तर आता मला कुणी "किती सर्व्हर लागतील?" विचारलं की मी आधी उलट प्रश्न विचारतो. तुमचे निम्मे सर्व्हर एकदम गेले तर तपासणी किती वेळ वाट बघणार? त्यावर एका वेळच्या जागा ठरवतो. एक सर्व्हर देखभालीला घेतल्यावर दुसरा ६० टक्क्यांच्या खाली राहतो का बघतो. काम तुंबलं तर जुनं टाकून द्यायचं की साठवायचं ते आधीच ठरवून घेतो. मॉनिटरिंगवर नजर ठेवायला बाहेर, दुसऱ्या लाईनवर, एक छोटंसं यंत्र ठेवतो. ते दर मिनिटाला एवढंच विचारतं, "जागा आहेस ना?" आणि पडद्यावर हिरव्या दिव्याशेजारी शेवटची तपासणी किती मिनिटांपूर्वी झाली ते लिहितो. ठरलेल्या वेळेच्या दुप्पट झाली की दिवा हिरवा राहत नाही, करडा होतो. करडा म्हणजे "मला माहीत नाही". मॉनिटरिंग सिस्टिमला हे एक वाक्य बोलता आलं पाहिजे, आणि ते बसवणाऱ्यालाही.

वहीतला तो हिशेब मी सोमवारी ऑफिसात नेला होता. साहेबांना दाखवला, त्यांनी मान हलवली, जागा ५० च्या २०० केल्या, वाट बघायची मर्यादा १० वरून ३ सेकंदांवर आणली. पुन्हा तसं झालं नाही. पण कल्याणच्या त्या मुलाच्या नावावर बसलेला शेरा तसाच राहिला. "चूक त्याची नव्हती, माझ्या एक्सेलची होती," हे वाक्य भर मीटिंगमध्ये म्हणायला हवं होतं, ते मी म्हणालो नाही. सहा महिन्यांत तो नोकरी सोडून गेला.

काका आता नाहीत. ठाकुर्लीवरून लोकल जाते तेव्हा मी अजून खिडकीतून चोळ्याच्या बाजूला बघतो. आणि पलीकडे ऐरोली-महापेच्या पट्ट्यात आता एकामागून एक डेटा सेंटर उभी राहिलीयत, प्रत्येकाचं स्वतःचं सबस्टेशन, स्वतःचे जनरेटर. तिथेही आज कुठेतरी एसीत बसून एखादा पोरगा तीन रंगांची एक्सेल शीट भरत असेल. त्याला कुणीतरी दुपारच्या गाडीबद्दल विचारावं, एवढीच इच्छा.